कोंबडा कोणता, तलंग कोणती: दसऱ्याची पिल्लं संक्रांतीपर्यंत नेताना

दसऱ्याच्या आगेमागे खुडूक कोंबडीखालची अंडी फुटली की घरातला जो तो डालग्यात डोकावून एकच विचारतो, यातले कोंबडे किती? आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, दिवसा पाहुणे आणि पाहुण्यांपुढे कोंबड्याचा रस्सा. त्यामुळे पिल्लू अजून मुठीत मावत असतं आणि त्याचा हिशेब चुलीपर्यंत पोचलेला असतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात सांदवाडीत, म्हणजे घराच्या परसात, चाळीस-पन्नास कोंबड्या ठेवते. निम्म्या गावरान, बाकी गिरिराज, वनराज या सुधारित जातींच्या आणि थोड्या काळ्या कडकनाथ. नर-मादी ओळखणं आणि हिवाळ्यात पाखरं सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मी बरीच वर्षं धरून चालले. आता तसं वाटत नाही. थंडीत पाखरू जास्त खातं, रात्र मोठी असते, आणि खुराड्यातली जागा तेवढीच राहते. नको असलेला प्रत्येक कोंबडा तलंगीच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीच्या, जागेवर झोपतो आणि तिच्या वाट्याचे दाणे खातो. म्हणून पौषाची थंडी पडायच्या आत निवड झालेली बरी. दसऱ्याच्या पिल्लांना डिसेंबरच्या शेवटी बारा आठवडे होतात, आणि तोवर खात्रीनं सांगता येतं. त्याआधी काय कळतं आणि काय कळत नाही, तिथूनच सुरुवात करते.

ज्या खुणांवर जाऊ नये

लांबट टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, हे माझ्या सासूबाई आजही ठासून सांगतात. एका वर्षी त्यांनी स्वतः निवडून बारा गोल अंडी बसवली. मोठी झाल्यावर त्यात नऊ कोंबडे निघाले, आणि वर मलाच विचारलं, "काऊन वं, एवढे कोंबडेच निंगाले?" अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो, त्याचा आतल्या जिवाच्या लिंगाशी संबंध नाही. दोऱ्याला अंगठी बांधून ती अंड्यावर किंवा पिल्लावर धरायची, गोल फिरली तर मादी. पिल्लू पायाला धरून उलटं टांगायचं, धडपडलं तर नर. असली सगळी परीक्षा निम्म्या वेळा खरी ठरते, कारण निम्मी पिल्लं नर आणि निम्मी मादी असतातच. बारात नऊ कोंबडे निघणं म्हणजे नाणं बारा वेळा उडवून नऊ वेळा छाप पडण्यासारखं. रोज नाही, पण घडतं.

अंडी जास्त उबेत ठेवली तर माद्या जास्त निघतात, असंही ऐकू येतं. मगर आणि कासवाच्या काही जातींत उबेवरून नर-मादी ठरते, कोंबडीत नाही. कोंबडीत हा निकाल अंड्याभोवती कवच येण्याच्याही आधी लागलेला असतो, आणि तो लावते कोंबडी. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पाखरांत उलटं आहे. कोंबड्याजवळ एकाच प्रकारची दोन गुणसूत्रं असतात, कोंबडीजवळ दोन वेगवेगळी. ती कोणतं देते त्यावर सगळं. ही गोष्ट लक्षात ठेवा, रंगावरून ओळखायच्या वेळी पुन्हा लागेल.

दुसरी फसवणूक अंधश्रद्धेची नाही, धंद्याची आहे. उन्हाळ्यात मोटरसायकलच्या मागं खोके बांधून गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकणारे येतात. "गावरान आहे ताई, सगळ्या अंड्यावर येतील." अंड्याच्या फार्मसाठी पिल्लं काढणाऱ्या हॅचरीत पहिल्याच दिवशी माद्या वेगळ्या होतात आणि नर उरतात. रंगवून स्वस्तात विकली जाणारी पिल्लं बहुतेक हीच असतात. मी एकदा अशी पंचवीस घेतली. उरली सोळा, आणि सोळाही आरवायला लागले. मांस म्हणावं तर तेही जेमतेम, कारण ही जात अंड्यांसाठी तयार केलेली असते, अंगानं भरत नाही.

एक दिवसाचं पिल्लू

गुदद्वार तपासून एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखण्याची रीत जपानमध्ये १९२० च्या दशकात पुढं आली. तयार हाताचा माणूस तासाला हजारभर पिल्लं वेगळी करतो आणि शंभरात दोनेकच चुकतात. मोबाइलवर ते पाहून घरी करायला जाऊ नका. ज्यावरून नर ओळखतात तो आतला उंचवटा मोहरीच्या दाण्याएवढाही नसतो, काही माद्यांतही दिसतो, आणि बोट जरा जोरात दाबलं की पिल्लाच्या पोटाला इजा होते. हे वर्षानुवर्षं शिकायचं काम आहे.

पंखांवरून ओळखणं सोपं दिसतं. पिल्लाचा पंख पंख्यासारखा हलकेच उलगडा. टोकाशी पिसांच्या दोन रांगा दिसतील, एक लांब उडायच्या पिसांची आणि तिच्यावर पांघरल्यासारखी दुसरी. खालची रांग वरच्यापेक्षा ठळकपणे लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या किंवा वरचीच लांब असेल तर नर. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाहायचं, नंतर फरक पुसला जातो. पण यात मोठी मेख आहे. ही खूण फक्त त्याच पिल्लांत चालते ज्यांची आई हळू पिसं फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा असा मुद्दाम जोडलेला असतो. आपल्या उकिरड्यावर जमलेल्या जोडीच्या पिल्लांत पंख पाहणं म्हणजे अंगठी फिरवण्याचाच प्रकार. पंख बघून "ही तलंगच" म्हणून दुप्पट भाव सांगणारा भेटला तर त्याला आधी आईबापांचा वाण विचारा.

रंगाची खूण मात्र घरी मुद्दाम घडवून आणता येते. तुमच्याकडं काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची, बार्ड प्लायमाउथ रॉकसारखी कोंबडी असेल आणि कोंबडा बिनपट्ट्यांचा, उदाहरणार्थ लाल ऱ्होड आयलंड रेड, तर त्यांची पिल्लं काळसर निघतात. त्यात ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, ठिपका नाही ती मादी. कारण वर सांगितलेलंच. पट्ट्यांचा गुण ज्या गुणसूत्रावर असतो ते आई फक्त मुलांना देते. मुलींना ते बापाकडून येतं आणि बापाकडं पट्टेच नाहीत. जोडी उलटी लावली, म्हणजे पट्ट्यांचा कोंबडा आणि साधी कोंबडी, तर मुलगे-मुली दोघंही पट्ट्यांची निघतात आणि सगळा खटाटोप वाया. लाल कोंबडा आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी वाणाची कोंबडी लावली तर फिकट पिवळी पिल्लं नर आणि तांबूस माद्या निघतात. इथं कोणतीही पांढरी कोंबडी चालत नाही. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा रंग बाकी सगळे रंग झाकून टाकतो.

गिरिराज, वनराजची पिल्लं सहसा नर-मादी न निवडताच मिळतात. शंभर घेतली की पन्नासाच्या आसपास कोंबडे धरूनच पैशाचा हिशेब मांडा. फक्त माद्या हव्या असतील तर पिल्लांऐवजी आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घेतलेल्या परवडतात. सरकारी योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा गट असतो. साधारण आठ माद्यांमागं एक नर, हे प्रमाणही शिकण्यासारखं आहे.

पाच आठवड्यांपासून बारा आठवड्यांपर्यंत

खरी ओळख इथं होते. माझी पद्धत अशी आहे की लशीचा दिवस तोच निवडीचा दिवस. सहा-सात आठवड्यांत देवीची लस द्यायची असते आणि आठ-दहा आठवड्यांत मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, मोठी लस, आर टू बी. दोन्ही वेळा प्रत्येक पाखरू हातात येतंच. मग त्याचा तुरा आणि मान का पाहू नये?

पहिल्या वेळी तुरा बघा. सहा आठवड्यांच्या नराचा तुरा उंच, जाड बुडाचा आणि लालसर झालेला असतो, चोचीखालचे गलोल लोंबायला लागलेले असतात. मादीचा तुरा अजून पिवळट-गुलाबी रेघेसारखा. पाय बघा: नराची नळी जाड, पंजा मोठा, उभं राहणं ताठ. शेपटीकडूनही अंदाज येतो, मादीला शेपटीची पिसं आधी आणि नीटस फुटतात, नर बरेच दिवस बांडा आणि पाठीवर उघडा दिसतो. यातली एकच खूण धरून निकाल देऊ नका. आणि तुलना नेहमी एका वयाच्या, एका जातीच्या पिल्लांत करा. गिरिराजची तलंग गावरान कोंबड्याशेजारी उभी केली तर तीच कोंबडा वाटते.

स्वभावाची खूण मी शेवटी ठेवते. छाती भिडवून उड्या मारणारी सगळी पिल्लं नर नसतात, तलंगीही आपापली पायरी ठरवायला भांडतात. घारीची सावली पडली की मान ताणून उभा राहतो तो कोंबडा, असं म्हणतात. माझ्याकडं ते कधी खरं, कधी खोटं ठरलं.

दुसऱ्या वेळी, म्हणजे दहा आठवड्यांच्या पुढं, तुरा सोडा आणि पिसं बघा. गेल्या वर्षी एका काळ्या पिल्लानं मला दोन महिने झुलवलं होतं. तुरा लहान, वागणं गरीब. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उन्हाला बसून मी त्याला मांडीवर घेतलं, डाव्या हातानं दोन्ही पंख धरले आणि शेपटीच्या अलीकडं, पाठीच्या शेवटी, अंगठ्यानं पिसं उलटी सारली. वरची सगळी गोल टोकाची, मळकट. त्यांच्याखालून दोन नवी फुटत होती, अजून नळीतच अर्धी, अरुंद, भाल्यासारखी टोकदार आणि चकचकीत. मादीला तिथं तसलं पीस कधीच येत नाही. तीनच आठवड्यांनी तो पहाटे खरखरीत आवाजात आरवला.

तेव्हा सगळ्यांत भरवशाची जागा ही: कमरेवरची पिसं, आणि त्याच्या जोडीला मानेची. टोकदार, लांब, चमकदार म्हणजे नर. रुंद आणि गोल टोकाची म्हणजे मादी. बारा आठवड्यांत हे जवळजवळ कधी चुकत नाही. पुढं नराच्या शेपटीत विळ्यासारखी वाकडी पिसं येतात, पण तोवर थांबायची गरज राहत नाही.

जातीप्रमाणे थोडं सांभाळावं लागतं. कडकनाथचा तुरा काळपट-जांभळा असल्यामुळे लाली शोधण्यात अर्थ नाही, त्याची उंची आणि जाडी पाहा. असीलचा तुरा मुळातच बसका, नरातही उशिरा वाढतो, आणि असीलच्या कोंबडीलाही पायाला आर, म्हणजे मागचा टोकदार काटा, येते, म्हणून आर पाहून निकाल देऊ नका. उघड्या मानेच्या जातीत मानेची पिसंच नसतात, थेट कमरेकडं वळा. आरवण्याचंही तसंच, नर साधारण दोन-तीन महिन्यांपासून सुरू करतो, काही त्याहून उशिरा. म्हाताऱ्या कोंबडीचं अंडाशय बिघडलं तर क्वचित तीही आरवते. गावात त्याला अपशकुन मानून तिची मान कापतात. रोग असतो, शकुन नाही.

ओळख पटली की पायात खूण घाला. मी नराला लाल आणि मादीला हिरवी चिंधी बांधते, शंका असेल त्याला काहीच नाही. मात्र गाठ सैल हवी आणि दर आठवड्याला पाहायला हवी. वाढत्या पायात दोरा रुततो आणि पंजा सुजतो. एका कोंबडीचा पंजा मी असाच गमावला, त्यात दोष माझाच.

मग निवड. अंडी उबवायला ठेवायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो, आणि तोही शक्य तर दुसऱ्याच्या घरचा, नाहीतर भाऊ-बहिणींची पिल्लं पिढीगणिक लहान आणि नाजूक होत जातात. नुसती खायला अंडी हवीत तर कोंबड्याशिवायही कोंबडी घालते. उरलेले नर डिसेंबरअखेर वेगळ्या खुराड्यात टाका. विकायचे असले तरी पंधरा दिवस वेगळे ठेवून मका आणि कनकी, म्हणजे तांदळाची कणी, घातली की वजन चढतं आणि तलंगीही शांत राहतात.

उबेचे पहिले पाच आठवडे

गावरान कोंबडी थंडीत दहा-बारा पिल्लं नीट पोटाखाली घेते. तिला अठरा देऊन फायदा नाही, काठावरची गारठतात. डालग्याखाली तणस अंथरा, पण कोरडं आणि बुरशी न लागलेलं.

कोंबडीविना वाढवायची असतील तर बुरडाकडून दीड फूट उंचीचा बांबूचा तट्टा आणा आणि तो गोल उभा करा. पन्नास पिल्लांना चार फूट रुंदीचं कडं पहिल्या आठवड्याला पुरतं, पुढं वाढवत न्या. गोलच का, तर कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन इंच धानाचं तूस, पहिले दोन दिवस त्यावर जाड खरबरीत कागद किंवा पोतं. गुळगुळीत वर्तमानपत्र टाकू नका, पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं.

ऊब: पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत पाचव्या-सहाव्या आठवड्यात २१-२२ पर्यंत. दर पिल्लामागं दोन वॅट धरतात, कडाक्याच्या थंडीत तीन. हे वॅट जुन्या पिवळ्या तारेच्या बल्बचे. एलईडीत उजेड मिळतो, ऊब नाही, आणि आता दुकानात तारेचे बल्ब शोधावे लागतात. मिळाले की चार जास्तीचे घेऊन ठेवा. तापमापी नसली तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर गारठली, तट्ट्याला टेकून चोच उघडी ठेवून बसली तर उकडतंय, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा शिरतोय. पसरून, पाय ताणून झोपली तर ऊब बरोबर आहे, तुम्हीही झोपायला जा.

रात्री वीज जाते हे गृहीत धरूनच सोय करा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका, तिच्या धुरात विषारी वायू असतो, पिल्लंही जातात आणि माणसंही. मी चुलीवर पाणी तापवून दोन झाकणाच्या डब्यांत भरते, पोत्यात गुंडाळून कड्याच्या मध्ये ठेवते. तीनेक तास पिल्लं त्याला चिकटून निभावतात. वर एखादं डालगं पालथं घातलं तर आणखी.

खुराडं: वारा कुठून, हवा कुठून

अंगावर पूर्ण पिसं आलेलं कोरडं पाखरू आपल्याकडच्या थंडीनं मरत नाही. कोंबडीच्या अंगाची ऊबच ४१ अंशांच्या आसपास असते आणि पिसं फुगवून ती ती धरून ठेवते. गोंदिया-नागपुरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेही ती सोसते. ओल, थेट अंगावर येणारा वारा आणि कोंदट हवा मात्र सोसत नाही. परदेशी व्हिडिओत तुऱ्याला व्हॅसलीन लावताना दाखवतात, ते बर्फाच्या मुलखासाठी. इथं तुरा गोठत नाही.

हे मला महागात पडून कळलं. दोन वर्षांपूर्वी पौषात मी खुराड्याला चारी बाजूंनी निळी ताडपत्री जमिनीपासून छपरापर्यंत आवळून बांधली. माया केली असंच वाटत होतं. चौथ्या सकाळी दार उघडलं तर ताडपत्रीला आतून दव सुटलेलं, थेंब पाठीवर गळत होते, आणि वासानं डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभरात शिंका, घरघर, डोळ्यांना फेस. नऊ तलंगी गेल्या. डॉक्टर आले, खुराड्यात वाकून एक श्वास घेतला आणि म्हणाले, थंडीनं नाही, कोंडमाऱ्यानं गेल्या.

तेव्हापासून पडदा खालून बांधते आणि वर ओढते. खालची कड पक्की, वरची मोकळी, आणि छपराखाली एक फूट फट कायम उघडी. पाखरं बसतात तिथं वारा लागत नाही आणि ओली गरम हवा वरून निघून जाते. वरून खाली सोडायचा पडदा याच्या नेमकं उलटं करतो. पडद्याला शिवलेली गोणपाटं चांगली, ती श्वास घेतात. उत्तरेची बाजू आधी झाका, थंड वारा तिकडून येतो. दक्षिणेची उघडी ठेवा, हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूनं खाली उतरतो आणि ऊन आतपर्यंत येतं. म्हणूनच खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी; उन्हाळ्यातही तीच कामाला येते. दिवे लागणीला पडदे ओढा, सकाळी ऊन पडलं की सोडा. दुपारी इथं २७-२८ अंश असतात, दिवसभर झाकून ठेवलं तर पाखरं घामट हवेत बसतात.

मोकळी चरणारी पाखरं असतील तर रात्रीला दर पाखरी एक चौरस फूट भागतो, पूर्णवेळ आत ठेवायची असतील तर दोन हवेत. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असेल तर खालून वारा येतो, उत्तरेच्या पायांना गोणपाट बांधा. आत बसायला गोल बांबूपेक्षा दोन इंच रुंद लाकडी रिप बरी, कडा घासून घेतलेली. पाखरू त्यावर पंजा सपाट ठेवून पोटाची पिसं बोटांवर पसरतं. दर पाखरी आठ इंच.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षट्कोनी पातळ जाळी कोंबडी आत ठेवते पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जाळीची खालची कड फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर घूस उकरते. जंगलाकाठच्या गावांत बिबट्याही येतो, तिथं खुराडं घराच्या भिंतीला लागूनच हवं.

तूस, दाणा, पाणी, उजेड

हिवाळ्यात अंथरूण तीन-चार इंच ठेवा. आमच्याकडं राईस मिलमुळे तूस फुकटासारखं मिळतं. वऱ्हाडात सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार वापरता येईल, पण चाळून, उन्हात वाळवून; त्यातली धूळ आणि बुरशी छातीला बाधते. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं वरखाली करा. मूठभर हातात दाबून पाहा: लाडू वळला तर ओलं, सुटं होऊन अंगाला थोडं चिकटलं तर बरोबर, धुरळा उडाला तर फार कोरडं. ओलं काढून टाका, वर चुना भुरभुरा आणि मिसळा. आणि वास घ्यायचा तो उभ्यानं नाही, कोंबडीच्या उंचीला वाकून.

सकाळचं पाणी कोमट द्या, रात्रीचं गार पाणी पिल्लं पीत नाहीत आणि मग खातही नाहीत. संध्याकाळी खुराड्यात कोंडायच्या आधी मका, ज्वारी किंवा कनकी मूठमूठ टाका, रात्रभर पोटात ऊब राहते. पण नुसत्या दाण्यावर पिल्लं वाढत नाहीत, पहिल्या आठ आठवड्यांत वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं खाद्य हवं. घरात सोयाबीन पडलंय म्हणून कच्चं भरडून घालू नका. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. भाजलेलं किंवा सोयाबीनची पेंड चालते. सरकीची ढेप गायीसाठीच राहू द्या, कोंबडीला घातली तर साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो.

डिसेंबरात अंडी कमी झाली की लोक थंडीला बोल लावतात. अर्धा दोष उजेडाचा असतो. आपल्याकडं दिवस अकरा तासांच्या आत येतो आणि घालणाऱ्या कोंबडीला चौदा-सोळा तास लागतात. पहाटे चारला एक लहान एलईडी लावला तरी फरक पडतो. संध्याकाळपेक्षा पहाट बरी, कारण रात्री दिवा अचानक विझला तर पाखरं अंधारात रिपेखाली अडकतात. दसऱ्याच्या तलंगींना मात्र हा उजेड देऊ नका. त्या कोवळ्या अंगानं अंड्यावर येतात आणि पुढं त्रास होतो.

रोगाचं थोडं

लासोटा, म्हणजे मानमोडीचीच लहान पिल्लांची लस, पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो रोगाची लस दोन आठवड्यांनी, लासोटा पुन्हा चौथ्या-पाचव्या आठवड्यात, मग देवी आणि आर टू बी. नक्की वेळ तुमच्या दवाखान्यात विचारून घ्या. कुपीत शंभर आणि त्याहून जास्त मात्रा असतात, म्हणून बचत गटातल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी लस द्यावी. थर्मासात बर्फ घालून आणा, मिसळल्यावर तासा-दोन तासांत संपवा, उरलेली उद्यावर ठेवू नका. आजारी दिसणाऱ्या पाखराला लस नको.

हगवणीत रक्त दिसलं तर आधी अंथरूण तपासा, रक्ती हगवणीचे जंतू ओलीतच वाढतात. मान वाकडी, हिरवी हगवण आणि एकामागून एक मर अशी चिन्हं मानमोडीची. एकाएकी पुष्कळ पाखरं मेली तर बर्ड फ्लूही असू शकतो. मेलेलं पाखरू कुत्र्याला टाकू नका, नाल्यात फेकू नका, खाऊ तर मुळीच नका. दवाखान्याला कळवा आणि ते सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

संक्रांतीला तलंगी साडेतीन महिन्यांच्या होतात. महाशिवरात्रीच्या आसपास पहाटेचा गारठा मोडला की गोणपाटं सोडा, कडक उन्हात दोन दिवस वाळवा, उंदीर पोचणार नाही अशा उंचीला टांगा. जुनं तूस शेणखताच्या खड्ड्यात जाऊ द्या आणि खुराड्याला चुना लावून घ्या. पहिल्या अंड्यासाठी कोपऱ्यात एका टोपल्यात तणस ठेवा, कारण मार्चमध्ये त्या जागा शोधायला लागतात आणि जागा मिळाली नाही तर शेजारच्या कुटाराच्या ढिगात घालून येतात.